आईला जेवायला घेऊन ये

सुलेखाला तुम्ही पाहिलं असेल. तिचा तो मुका सिनेमा गावभर फिरला, तुमच्याही फोनवर आला असेल. काळी-पांढरी चित्रं, तुरुतुरु पळणारी माणसं, मागं पेटीचं वाजवणं आणि मधेमधे काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली वाक्यं. साड्यांच्या दुकानातली गरीब पोरगी आणि नोकराचं सोंग घेतलेला मालकाचा मुलगा. "किती गोड!" म्हणत तुम्ही तो चार जणांना पुढंही पाठवला असेल. पाठवला असेल तर हे सगळं तुमच्यासाठीच आहे, नीट वाचा. त्या सिनेमातली सुलेखा आणि खरी सुलेखा यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. दुसरं कोणी सांगायला पुढं येत नाही म्हणून मी सांगते. माझं नाव बिल्किस, मी खुलताबादची. गुलमंडीतल्या त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून मी साड्यांना फॉल-पिको करते. निदान आजपर्यंत तरी करत होते, हे वाचल्यावर मालक ठेवतील की नाही ठाऊक नाही.

सुलेखा करमाडची. वडील लहानपणीच गेले. आई पारूबाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि सगळं इतकं स्वच्छ की चप्पल बाहेर काढताना आपल्याच पायांची लाज वाटावी. पोरगी बारावी झाली आणि काळी-पिवळीत बसून रोज गुलमंडीत यायला लागली. आमच्याकडं तिचं काम घडीचं. गिऱ्हाईक साड्या कसं बघतं ते तुम्हाला माहीत आहे, कारण गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच. ही दाखवा, ती उघडा, तिचा पदर बघू, हिचे काठ बघू. घेता एक आणि गादीवर डोंगर करून निघून जाता. तो डोंगर उपसून प्रत्येक साडी पुन्हा दुकानात आली तेव्हा होती तशी करायची, हे घडीवालीचं काम.

सिनेमात ती मान खाली घालून लाजते. मला तिथंच हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. सुलेखा आणि लाजणार! ही पोरगी इतकी फटकळ की एकदा एका बाईंनी शालू बघून पायाशी भिरकावला, तर ही उचलता उचलता म्हणाली, "ताई, घरी पण असंच टाकता का?" बाई फणफणत मालकांकडं गेल्या. मालक म्हणजे नानासाहेब. त्यांनी सुलेखाला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. तिनं मागितली, पण बाईंच्या डोळ्यांत बघून मागितली. बाईंनाच मान फिरवावी लागली.

नानासाहेबांचा एक नियम आहे. गिऱ्हाईक दुकानात असताना नोकरांनी आपसांत बोलायचं नाही. मालकांनी बोललेलं चालतं, गिऱ्हाइकांची पोरं ओरडली तर त्यांना चॉकलेट मिळतं, पण आम्ही तोंड उघडायचं नाही. पोटमाळ्याला काच आहे. तिथून मला खालचं सगळं दिसतं आणि काही ऐकू येत नाही. तेव्हा मुका सिनेमा कसा असतो हे मला कोणी शिकवू नये. मी तो रोज बघते.

मागच्या लग्नसराईच्या तोंडाला रामकिसन आला. पंचविशीचा, उंचापुरा, केस मुद्दाम विस्कटलेले. म्हणाला, वैजापूरकडचा आहे, वडील नाहीत, आई गावाकडं असते. मी त्याच दिवशी सुलेखाला म्हणाले, "ह्या वयाच्या पोराचं नाव रामकिसन? अपने यहाँ देख, पोरं शिवम, झीशान, सरफराज. रामकिसन नावाची माणसं आता नातवंडं खेळवतात."

"आज्याचं नाव ठिवलं असंल, आपा," ती म्हणाली. "तुमाला सगळ्यातच काहीतरी दिसतंय."

भारी साडीची घडी एकट्यानं पडत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून दोन टोकं धरायची, साडी ताणायची, काठाला काठ लावायचा आणि मग एकमेकांकडं चालत यायचं. एकानं आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची, वाकून खालची दुमड उचलायची, पुन्हा मागं. रामकिसनला सुलेखासोबत घडीला लावलं. पहिल्यांदा त्यानं टोक धरलं ते असं, की ती म्हणे ओलं पोतेरं धरल्यासारखं. ती त्याला शिकवत होती, डोळ्यांनी, हनुवटीनं, बोटांनी. दिवसभर ही दोघं एकमेकांकडं चालत यायची आणि मागं जायची, एक शब्द न बोलता. मी वरून बघत होते. माझीही लग्नं लावून दिलेली दोन पोरं आहेत, मला कळत नव्हतं असं नाही. आधी ती टोकं देऊन लगेच वळायची. पुढं पुढं वळायला वेळ लावायला लागली.

त्याच्याकडं डबा नसायचा. सुलेखानं घरी सांगितलं, आणि पारूबाई दुसऱ्या दिवसापासून भाकरी वाढवून द्यायला लागल्या. वेगळ्या फडक्यात बांधून, वर ठेचा, कधी शेंगदाण्याची चटणी. त्या पुरचुंडीचं नावच पडलं, रामकिसनची भाकरी. पारूबाईंनी त्याला बघितलेलंही नव्हतं, पण सुलेखा घरी पोचली की पहिला प्रश्न तोच: "त्या पोरानं खाल्ली का?" तो खायचा. बोटं चाटून खायचा. मागच्या जिन्यावर आमच्यात बसून खायचा आणि म्हणायचा, "मावशींच्या हाताला काय चव आहे!" आता मला त्या प्रत्येक घासाचा संताप येतो.

मग शालूवर चहा सांडला. रामकिसननं कप गादीवर ठेवला होता. ठेवायचा नसतो हे आमच्याकडच्या भिंतीलाही माहीत आहे. नानासाहेब कडाडले, "कोणी केलं हे?" रामकिसन गप्प. सुलेखानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माझ्याकडनं झालं." नवं पोरगं आहे, आई गावाकडं एकटी, काढून टाकलं तर जाईल कुठं, असा तिचा हिशोब. नानासाहेबांनी तिला तळघराच्या गोदामात टाकलं. ऐन उन्हाळ्यात, पत्र्याच्या दाराआड, गाठोडी उचलायला. संध्याकाळी ती वर यायची तेव्हा तिच्या ओठांना पापुद्रे सुटलेले असायचे.

आता हे लक्षात घ्या. तो मालकाचा पोरगा होता. त्याचं खरं नाव इंद्रजीत. बाहेरच्या देशात धंद्याचं शिक्षण घेऊन आलेला, आणि "खालून काम शिकायचं" म्हणून बापाच्या संमतीनं आमच्यात सोडलेला. ओरडणारा बापही सोंगात सामील होता. म्हणजे त्या तिघांत सोंग न घेता उभी असलेली एकटी सुलेखा, आणि शिक्षा झाली ती एकटीलाच. त्यानं एक शब्द उच्चारला असता तर ती गोदामातून वर आली असती. पण मग खेळ मोडला असता ना. खेळ मोडण्यापेक्षा पोरगी भाजलेली परवडली.

लग्नसराईची गर्दी वाढली तसं तिला परत वर घेतलं. एका दुपारी मी काचेतून बघते तर दोघं साडी धरून मधोमध थांबलेली. त्याचे ओठ हलले. मग तिचे हलले. मग ती टोकं त्याच्या हातात देऊन खाली वाकली. जेवणाच्या वेळी तिनंच मला सांगितलं. त्यानं विचारलं होतं, "माझ्याशी लग्न करशील?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणले, तुझ्या आईला आमच्या घरी जेवायला घेऊन ये. मग बोलू."

"बस, इतनाच?"

"अजून काय पायजे, आपा? पोरं काय, कुठं पण खात्यात, कुठं पण बसत्यात. आई येऊन आमच्या ताटात जेवली की मला समदं कळंल."

वय ते काय, आणि नेमकं बोट कुठं ठेवलं पोरीनं! आपल्याकडं प्रेम कुठं अडतं, तर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. पोरगा वाटेल तिथं भाकरी खाईल, मित्रांत मिरवेल. त्याची आई मात्र त्या घरात पाण्याचा पेलाही तोंडाला लावणार नाही. मी एवढं आयुष्य काढून जे शिकले ते हिला जन्मतःच ठाऊक होतं, कारण तिला ते ठाऊक असणं भागच होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रामकिसन गेला. "आई लई आजारी आहे," असं सांगून गेला. तो "लई" पण तो आमच्याकडूनच शिकला होता. सुलेखा सैरभैर झाली. फोन लागेना. पारूबाईंनी त्याच्या आईसाठी घरची सुंठ कुटून पुडी दिली. कुठं पाठवायची ते माहीत नव्हतं, म्हणून ती पुडी सुलेखाच्या पिशवीत येत-जात राहिली.

पावसाळा सरता सरता दुकानाचा रौप्यमहोत्सव आला. जालना रोडवरचं मोठं सभागृह, फुलांच्या कमानी, शहरातली बडी मंडळी पुढच्या रांगांत, आम्ही नोकर माणसं मागं. दिवे मंद झाले आणि पडद्यावर तो सिनेमा लागला. दुकानातल्या कॅमेऱ्यांनी उन्हाळाभर जे टिपलं होतं, ते कापून, जोडून, पळवून, जुन्या काळच्या मुक्या विनोदी सिनेमासारखं केलेलं. पहिल्या पाटीवर लिहिलं होतं, "एक होता राजकुमार". आणि रामकिसन झाडू घेऊन आत आला. सगळं सभागृह हसायला लागलं, कारण पुढच्या रांगांना तो कोण आहे हे माहीत होतं.

सुलेखा माझ्याशेजारी होती. तिनं आधी माझा हात धरला, "आपा, रामकिसन!" म्हणाली. त्याला बघून तिला आनंदच झाला होता. दोन क्षण. मग तिचा हात हळूहळू सुटला.

तो भाकरी खाताना दाखवला, पाटी आली: "राजवाड्यातही अशी मेजवानी नाही!" हशा. चहा सांडला, ती पुढं झाली, गोदामाचा जिना उतरली, ती उतरणं तीन-तीनदा पुढं-मागं करून दाखवलं, बाहुली उतरावी तसं. पाटी: "प्रेमासाठी कारावास!" लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गोदामात मी तिला पाणी नेऊन दिलं होतं. आणि शेवटी ती साडी धरलेली दोघं. त्याचे ओठ हलले: "माझ्याशी लग्न करशील?" तिचे ओठ हलले. पाटी आली:

"मला काही नको. फक्त तू हवास."

सगळ्या सभागृहातून "अय्या!" असा उसासा निघाला. बाया डोळे पुसायला लागल्या. आणि सुलेखा उभी राहिली. अंधारात ती एवढंच म्हणाली, "मी हे नाय बोलले."

दिवे लागले. नानासाहेब माईकवर आले, इंद्रजीतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि मंडळी, रामकिसन हे नाव कुठून आलं माहीत आहे? आमच्या वडिलांच्या शेतावर रामकिसन म्हणून सालगडी होता. लहानपणी ह्याला खांद्यावर घेऊन फिरायचा. नोकराचं नाव सुचव म्हटलं तर ह्याला तेच आठवलं!" पुन्हा हशा. मला वाटलं होतं तेच निघालं, आणि बरोबर निघाल्याचा मला जराही आनंद झाला नाही. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून वाढला त्याचं नाव ह्यानं कपड्यासारखं घातलं आणि हशा पिकवायला उतरवून दाखवलं.

मग त्यांनी "आमच्या नायिकेला" व्यासपीठावर बोलावलं. तिला एक पैठणी दिली. तिनं ती तशीच टेबलावर ठेवली, आणि माईक हातात घेतला. पुढच्या रांगेत इंद्रजीतच्या आई बसल्या होत्या, करुणाताई.

"काकू, तुमची तब्येत बरी हाय ना आता?" सुलेखानं विचारलं.

करुणाताई गोंधळल्या. "मला काय झालंय?"

"रामकिसन म्हणले होते, आई लई आजारी हाय. माझ्या आईनं सुंठ दिलीया तुमच्यासाठी." तिनं पिशवीतून पुडी काढली, खाली उतरून त्यांच्या हातात दिली आणि तिथूनच माईकवर बोलली. "त्या पाटीवर लिहिलंय ते मी बोलले नाय. मी म्हणले होते, तुझ्या आईला आमच्या घरी जेवायला घेऊन ये. त्यांनी ते खोडून दुसरंच लिहिलं. म्हणून आता तुमालाच सांगते. ह्या रविवारी या. करमाडला. आई वाट बघंल."

करुणाताई हसल्या. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, काहीच नव्हतं. "बघू हं," म्हणाल्या. पुडी त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. कार्यक्रम संपल्यावर मी मुद्दाम पुढं जाऊन बघितलं, पुडी तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी दुकानातला जो तो सुलेखाला म्हणत होता, "नशीब काढलंस पोरी!" सरफराज म्हणाला, शिवम म्हणाला, काउंटरवरच्या बाईही म्हणाल्या. आपलीच माणसं! कोणालाही असं वाटलं नाही की हिची फसवणूक झाली. फसवणारा नुसता गरीब निघाला असता तर ह्याच लोकांनी त्याला चोपला असता. श्रीमंत निघाला म्हणून ती लॉटरी. तिनं नानासाहेबांना सिनेमा कुठंही टाकू नका म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "अगं, किती सुंदर दिसतेस त्यात!" त्यांनी तो टाकलाच, त्या रविवारनंतर. सुलेखा आता सिडकोतल्या दुसऱ्या दुकानात घड्या घालते. तिथंही गिऱ्हाइकं तिला ओळखतात आणि विचारतात, "मग राजकुमाराचं काय झालं?"

काय झालं ते सांगते.

इंद्रजीतनं तिला फोन केला होता. गोदामाचं वाईट वाटतं म्हणाला, पाटी दिग्दर्शकानं बदलली म्हणाला, माझं प्रेम खरं आहे म्हणाला. असेलही. ती प्रत्येक वेळी एकच म्हणाली, "आईला घेऊन ये." शेवटी तो हो म्हणाला. आणि मला राग येतो तो ह्याचाही, की त्या दिवशी तिचा चेहरा उजळला. मला म्हणाली, "आपा, तुमी पण या. माझ्या बाजूनं कोणीतरी मोठं पायजे."

रविवारी सकाळी मी करमाडला गेले. पारूबाईंनी येसराची आमटी केली होती, वांग्याचं भरीत, ज्वारीच्या भाकरी, शेवयांची खीर. कामाला खाडा करून सगळं घर सारवल्यासारखं पुसून काढलं होतं. जालना रोडच्या त्या सभागृहात काय झालं हे सुलेखानं आईला सांगितलं नव्हतं. एवढंच सांगितलं होतं, की रामकिसनची आई जेवायला येणार. सतरंजी अंथरली, ताटं मांडली. पारूबाईंनी दोनदा केस विंचरले.

दुपारी गाडी आली. इंद्रजीत उतरला, हातात मिठाईचा मोठा बंद डबा. गाडीचं दुसरं दार उघडलं नाही. सुलेखा उंबऱ्यात उभी होती. तिनं गाडीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"आईला आज एक कार्यक्रम होता," तो म्हणाला. "पुढच्या वेळी नक्की."

तेवढ्यात आतून पारूबाई लगबगीनं आल्या. पदराला हात पुसत, तोंडभर हसत. "ह्योच व्हय रामकिसन? ये रं बाळा, ये. किती वाळलाईस! आई नाय आली? बरं नाय का अजून? असू दे, तू बस. बस माज्याजवळ." त्याचा हात धरून त्यांनी त्याला सतरंजीवर बसवलं, ताट पुढं ओढलं. "माजी भाकरी आवडती ना तुला? आज ऊन ऊन खा."

आता तरी तो बोलेल असं मला वाटलं. त्यानं सुलेखाकडं बघितलं, मग पारूबाईंकडं बघून गोड हसला आणि म्हणाला, "हो मावशी. मीच रामकिसन."

सुलेखा खाली बसली. आईच्या हातावर हात ठेवून, अगदी सावकाश म्हणाली, "नाय आई. रामकिसन ह्यांच्या घरचा गडी व्हता. हे मालक हायत."

पारूबाईंना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी त्याचे बूट बघितले, दारातली गाडी बघितली, लेकीचा चेहरा बघितला. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला. उठल्या, शेजारच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि भिंतीशी ठेवली.

"वर बसा, साहेब," त्या म्हणाल्या. "खाली कशाला बसलाव. च्या ठिवते तुमाला."

तो उठून खुर्चीवर बसला. त्याच्यापुढचं ताट सुलेखानं माझ्याकडं सरकवलं, आणि आम्ही तिघी जेवायला बसलो.